खंडेनवमीचा अल्बम

आमच्या गल्लीत खंडेनवमी आधी कानाला कळते. वर्षभर भिंतीपलीकडे माग चालू असतात. दात घासताना, जेवताना, अभ्यास करताना, ताप आलेला असताना. त्या दिवशी पूजेसाठी ते एकेक करून थांबतात. आधी कोपऱ्यावरचे, मग समोरच्या शेडमधले, सगळ्यात शेवटी आमच्या भिंतीला लागून असलेले. शेवटचा माग थांबला की गल्ली क्षणभर गोंधळल्यासारखी होते. मग हळूहळू बाकीचं ऐकू यायला लागतं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, पत्र्यावर चालणारे पारवे, नळाला पाणी नसताना नळातून येणारी हवा. माणसं मात्र तशीच ओरडून बोलत राहतात. मागाशेजारी वाढलेला आवाज एका दिवसात खाली येत नाही.

यंदाही सकाळी पुण्याहून येऊन सोलापूरला उतरले, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली आणि शांतता ऐकत घरापर्यंत चालत आले. प्रत्येक शेडच्या दारातून दिसणारे, पुसून ठेवलेले माग, त्यांना बांधलेले ऊस, झेंडूच्या माळा, उंबऱ्यावर फोडलेला कोहळा आणि त्यावर कुंकू. या वासाला नाव नाही. त्यात झेंडू असतो, मशीनचं तेल असतं, ओलं सूत असतं, आणि ऑक्टोबरचं ऊन असतं. आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे मेच्या उन्हाचा सख्खा भाऊ.

आईने दारातच विचारलं, "आलीस? धोट्याचं कधी वाजनार हाय म्हने आज?"

धोटा म्हणजे मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. आणि धोटा म्हणजे आमच्या शेजारचा नागेश. रॅप ऐकणाऱ्या महाराष्ट्रातल्या पोरांना हे दुसरं आधी माहीत असतं. पहिला सोडला तर त्याचे आजवरचे सगळे अल्बम खंडेनवमीलाच आले. मुलाखतीत कुणी कारण विचारलं की तो दर वेळी वेगळं सांगतो. एकदा म्हणाला, अम्माने, म्हणजे आईने, मुहूर्त काढला. एकदा म्हणाला, त्या दिवशी गल्लीला सुट्टी असते, भांडायला माणसं मोकळी असतात. खरं कारण साधं आहे. पहिला अल्बम रेकॉर्ड करायला आम्हाला वर्षातला तेवढा एकच दिवस मिळाला होता.

'आम्हाला' हा शब्द लिहून मी थोडी थांबले. इतकी वर्षं तो मी मनातसुद्धा वापरला नव्हता.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी नागेशअण्णाचा फोन आला. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन उचलला.

"गिरिजा, ऐक. मुंबईची कंपनी पयला अल्बम परत काढायलीय. नवा करून."

"छान की."

"छान काय. ते खट्खट काढा म्हंत्यात. कच्चं वाटतंय म्हने. ठेवायचं असलं तर कोन वाजवलं त्याचं नाव पायजे, सही पायजे. बिनानावाचं कायबी चालत न्हाय त्यांच्यात."

मी जिन्याच्या कठड्याला टेकले.

"तू मला शपथ घातलीस, नाव कुटं घालायचं न्हाय म्हनून. मी पाळलो. आता तूच सांग, काढू का ठेवू?"

"काढा की," मी म्हणाले. "मला काय."

"आत्ता नको सांगूस. खंडेनवमीला ये, त्यांचा मानूस बी येनार हाय. तवा तोंडावर सांग."

जिन्यातून जागेवर परत आले तेव्हा स्क्रीनवरचा तक्ता मला दिसत नव्हता. 'मला काय' हे मी फार सहज म्हणते. कुणी विचारलं कुठे जेवायचं, कुठला रंग, खिडकीजवळ बसतेस का, तर 'मला काय, कुठेही.' त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की एक गोष्ट अशी आहे जिच्या बाबतीत ते खोटं आहे.

पहिला अल्बम झाला त्या वर्षी मी नववीत होते. सहामाही परीक्षा दसऱ्यानंतर होती आणि भूमितीचा पेपर पहिला. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टॉवेलचा व्यवसाय. गल्लीतल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवरून टॉवेल घ्यायचे, गठ्ठे बांधायचे, बाहेरगावी पाठवायचे. घरामागच्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे रचलेले असत. तिथे बोललं की आपला आवाज भिंतींकडून परत येत नाही, टॉवेल तो पिऊन टाकतात. मला ती खोली फार आवडायची. शाळेत सगळं इंग्रजीत, घरी आईचं कानडी आणि मराठी मिसळलेलं, गल्लीत तेलुगू आणि दखनी. कुठल्या भाषेत तोंड उघडावं याचा विचार करेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. गठ्ठ्यांच्या खोलीत कुणी काही विचारत नसे.

नागेशअण्णा तेव्हा वडिलांच्या, म्हणजे बापूच्या, मागांवर कामाची पाळी करायचा. सूत तुटलं की गाठ मारायची, धोट्यातली सुताची कांडी बदलायची आणि तोंडाने सतत काहीतरी बडबडत राहायचं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, स्वतःशी भांडतोय. त्याचा मित्र इम्तियाज कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याने कुठूनतरी माइक मिळवला आणि दोघे अप्पांकडे आले.

"काका, खंडेनवमीला गठ्ठ्याची खोली देता का? आवाज भरायचाय."

"कसला आवाज?" अप्पा म्हणाले. "वर्षभर आवाजच हाय की तुमच्याकडं. आनी भरून काय करनार?"

पण दिली. अप्पा नाही म्हणताना नेहमी हो म्हणतात.

त्या दिवशी आई मैंदर्गीला माहेरी गेली होती, नवरात्राच्या जेवणाला. मी गठ्ठ्यांवर बसून प्रमेय पाठ करत होते. "मी जाऊ का बाहेर?" असं विचारायचं होतं, पण तेवढ्यात त्यांनी सुरू केलं आणि माझं विचारायचं राहून गेलं.

पहिल्या ओळीला इम्तियाजने कानावरचा हेडफोन उपटून काढला. "अरे, कायकू चिल्लाता रे! माग बंद हैं ना आज!"

"मी कुटं ओरडलो?"

"माइक फट जाता अबे. आहिस्ते बोल."

नागेशअण्णा आहिस्ते बोलायला लागला तर त्याचे शब्दच सुटेनात. आणि मग जी गोष्ट झाली ती फक्त आमच्याच गल्लीत होऊ शकते. त्याने महिनोन्महिने शांत दिवसाची वाट पाहिली होती, आणि शांततेत त्याला रॅप येईना. सगळी गाणी त्याने मागावर उभं राहून रचलेली. ताल मागाचा, हा फक्त त्यावर बसायचा. माग बंद झाल्यावर तो बसणार कशावर? पहिल्या दोन ओळी बरोबर जायच्या, तिसरीला तो पळत सुटायचा, चौथीला धापा टाकायचा.

इम्तियाजने कॉम्प्युटरवर टिक टिक लावून दिली. नागेशअण्णाने थोडा वेळ ऐकली आणि म्हणाला, "हे घड्याळ हाय बे, माग न्हाय."

"तो एक माग चालू कर ना, थोडी देर."

"आज? पूजा झालीय. बापू दारात खुर्ची टाकून बसलाय. आज मागाला हात लावलो तर मलाच कोहळ्यासारखं फोडील."

इम्तियाजने हेडफोन खाली ठेवला. नागेशअण्णाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. वर्गात उत्तर येत असूनही उभं राहिल्यावर शब्द जातात, तेव्हा आतून चेहरा तसा होतो. मला वाटतं त्यामुळेच माझा हात हलला. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, हातात स्टीलची फूटपट्टी, शेजारी गठ्ठे दाबायची लाकडी फळी. मी फळीवर वाजवायला लागले.

आमच्या भिंतीपलीकडचा माग लंगडतो. दोन ठोके सरळ आणि तिसरा जरा रेंगाळून, पाय ओढल्यासारखा. माझी खाट त्याच भिंतीला लागून होती. मी लहानपणापासून त्या लंगड्या ठोक्यावर झोपले होते, त्यावर पाढे पाठ केले होते, शाळेत बाकाखाली बोटांनी तोच वाजवायचे. मला वाटायचं, सगळ्यांनाच तो येत असेल.

नागेशअण्णाने वळून पाहिलं. डोळे मिटले आणि सुरू झाला.

दुपारपर्यंत मी वाजवत होते. इम्तियाज मधूनच हाताने थांब म्हणायचा, माइक सरकवायचा, हाताने सुरू कर म्हणायचा. मला कुणी काही विचारलं नाही आणि मला काही बोलावं लागलं नाही. मनगट दुखत होतं, खोलीत पंखा बंद ठेवलेला, टॉवेलच्या गरम वासात आम्ही तिघे घामाने निथळत होतो. एवढं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटी इम्तियाजने विचारलं, "क्या नाम लिखू, बहन?"

"नाही. माझं नाव कुठे घालू नका. शपथ घ्या."

का म्हणाले? शाळेतल्या मुलींनी हसू नये म्हणून असेल. अप्पांना बरं वाटेल की नाही, माहीत नव्हतं. आणि नाव आलं की लोक विचारतात, विचारलं की बोलावं लागतं.

'बंद माग' हा तो अल्बम. पहिल्यांदा ऐकला आमच्या गल्लीने, दिवाळीच्या आधी, नागेशच्या ओट्यावर ठेवलेल्या स्पीकरवर. पुढच्या खंडेनवमीपासून हीच रीत पडली. सकाळी पूजा, मग ओट्यावर स्पीकर, गल्ली पहिल्यांदा ऐकणार, जगाने नंतर ऐकायचं.

थंडीत एका सकाळी शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावरच्या मुलाने फोनवर गाणं लावलं. आमच्या बसमध्ये मराठी गाणं लागायचं नाही. मराठी रॅप तर नाहीच. दोन सरळ, तिसरा रेंगाळून. मी खिडकीकडे तोंड केलं. बसमधली मुलं पायाने तोच ठोका धरत होती, शाळेच्या काळ्या बुटांनी, सगळी एकदम. मी बाहेरचे विजेचे खांब बघत राहिले आणि माझे कान इतके तापले की वाटलं, कुणाला तरी दिसेल.

मग 'पाणी आलं का' आला. सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्यामुळे हे वाक्य आमच्याकडे नमस्काराच्या जागी चालतं. त्या अल्बममध्ये त्याने गल्लीतल्या बायकांचे संवाद जसेच्या तसे घातले. ओट्यावर वाजला तेव्हा बायका आधी लाजल्या, मग आपापला भाग ओळखून एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. "हे मीच म्हनले की टँकरवाल्याला!" पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा त्यांनी त्याला ते गाणंच ऐकवलं. नंतरचा 'बेचाळीस' उन्हावरचा. त्याच्या वेळी नागेशअण्णा मुंबईत राहायला गेला होता, तरी खंडेनवमीला पहाटे बसने आला, स्पीकर स्वतः उचलून ओट्यावर ठेवला. आणि मग 'काठ-पदर', ज्यात तो पहिल्यांदा तेलुगूत बोलला, त्याच्या अम्माशी. त्या दिवशी बापू खुर्चीतून उठून आत गेला आणि जरा वेळाने तोंड धुऊन बाहेर आला.

प्रत्येक वेळी त्याने मला विचारलं, "वाजवतेस का?" प्रत्येक वेळी मी म्हणाले, "मला नाही जमणार." मग इम्तियाजने खरे ड्रम वापरले. चांगले आहेत ते. पण ते सरळ चालतात.

माझी आई या सगळ्यावर नाराज असते आणि सगळं ऐकते. "ह्यो काय गानं म्हनायचा? भाजीवाला बरा की, निदान भाव तरी सांगतो." पण 'बंद माग' लागला की ती कणीक मळता मळता थांबते. "ह्यातलं ते खट्खट तेवढं बरं हाय. आपल्या भिंतीचं वाटतं." मी तेव्हा पाणी प्यायला जाते.

पुण्यात ऑफिसच्या गाडीत एक सहकारी नेहमी धोटा लावतो. नागपूरचा आहे, सोलापूर त्याने फक्त चादरीवर वाचलंय. एकदा तो दुसऱ्याला समजावत होता, "हा ठोका ऐक. विकत घेतलेला आहे, बाहेरच्या देशातला. असलं आपल्याकडे कुणी वाजवत नाही." मी पुढच्या सीटवर होते. वळून सांगावं असं वाटलं, आणि वाटलं एवढंच. पण त्या दिवशी गाडीतून उतरून मी नेहमीपेक्षा सरळ चालले. अभिमानाला प्रेक्षक लागतात असं म्हणतात. माझा बिनप्रेक्षकांचा वाढला, गठ्ठ्यांच्या खोलीत वाढल्यासारखा. तो ठोका काढून टाकायचा म्हणजे ती खोलीच रिकामी करायची, हे मात्र मला जिन्यातल्या त्या फोनपर्यंत कळलं नव्हतं.

यंदा ओट्यासमोर गर्दी गल्लीत मावत नव्हती. विजापूर नाक्यापासून आलेली मुलं, कॉलेजच्या मुली, मोबाईल उंच धरलेले हात. नवा अल्बम वाजून झाला, आरडाओरडा झाला, पेढे झाले. मग नागेशअण्णा मला आमच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे इम्तियाज होता आणि कंपनीचा माणूस. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, टॉवेलच्या गठ्ठ्यावर अवघडून बसलेला. चांगला होता बिचारा. त्याने लॅपटॉपवर 'बंद माग'चे दोन्ही अवतार ऐकवले. आधी नवा. स्वच्छ, भरदार, प्रत्येक शब्द काचेसारखा. मग जुना. माझी फळी. तिसरा ठोका रेंगाळला तेव्हा इम्तियाजने नकळत मान हलवली.

"खरं सांगू का," तो माणूस अदबीने म्हणाला, "हा ताल थोडा चुकीचा आहे. तिसऱ्या ठोक्याला उशीर होतो. नवीन ऐकणाऱ्याला ते खटकेल. आणि ज्यांनी वाजवलंय त्यांना नाव नको असेल, तर आम्हालाही ते काढणं सोपं जाईल. तुमची काही हरकत नाही ना?"

बाहेर मुलं धोट्याच्या नावाने ओरडत होती. आत तिघेही माझ्याकडे बघत होते. 'मला काय' अगदी ओठांवर तयार होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने झिजून गुळगुळीत झालेलं. म्हटलं असतं तर कुणी मला कधीच काही विचारलं नसतं.

"हरकत आहे," मी म्हणाले.

"सॉरी?"

"हरकत आहे. तो चुकीचा नाही. आमचा माग तसाच चालतो." माझा आवाज गठ्ठ्यांनी प्यायला, म्हणून मी परत म्हणाले, मोठ्याने. "ताल राहणार. नाव लिहा. सही कुठे करायची?"

"हौ!" इम्तियाज एवढंच म्हणाला आणि गठ्ठ्यावर मूठ आपटली. नागेशअण्णा शब्दांवर पोट भरणारा माणूस, पण नाकपुड्या फुगवून छताकडे बघत राहिला.

त्या माणसाने मुकाट्याने लॅपटॉप पुढे ओढला. "वाद्याचं नाव काय लिहू?"

मी विचारात पडले. फूटपट्टी? फळी?

"पर्कशन लिख दो," इम्तियाज म्हणाला.

"पर्कशन कशाला बे?" नागेशअण्णा म्हणाला. "माग लिवा. माग."

"लूम?"

"माग."

त्याने देवनागरीत टाइप केलं. अक्षरं शोधायला त्याला वेळ लागत होता आणि मी प्रत्येक अक्षर उमटताना बघत होते. गायक, धोटा. ध्वनिमुद्रण, इम्तियाज. माग, गिरिजा. मी खाली स्क्रीनवर बोटाने सही केली, शाळेत करायचे तशी इंग्रजीत नाही, मराठीत. मग माझ्या फोनवर त्या पानाचा फोटो काढला आणि स्वयंपाकघरात गेले.

आई ओट्याशी पुरण वाटत होती. तिने हात पुसले, चष्मा शोधला, फोन लांब धरून एकेक शब्द वाचला.

"माग, गिरिजा," ती म्हणाली. "म्हंजे ते खट्खट की काय? बाई हाय व्हय वाजवनारी?" तिने परत वाचलं. "आपल्या गल्लीत आनि कोन गिरिजा हाय गं?"

"मीच की," मी म्हणाले.